कृत्रिम हृदय : कायमच्या अवयवापासून तात्पुरत्या सेतूपर्यंत – एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

शरीरात बसविलेले कृत्रिम हृदय कसे चालते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः शरीरक्रियाशास्त्राच्या अथवा अभियांत्रिकीच्या अभ्यासकाकडून अपेक्षिले जाते. इतिहासाच्या अध्यापकाने त्यात का पडावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हे यंत्र कसे चालते हे समजून घेऊ लागलो, की ते कशासाठी चालवायचे हा दुसरा प्रश्न लगेच समोर येतो, आणि त्याचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा बदलले आहे. १९६० च्या दशकात कृत्रिम हृदयाकडून आयुष्यभर टिकणाऱ्या अवयवाची अपेक्षा होती. आज ते बहुतांशी दात्याचे हृदय मिळेपर्यंतचा सेतू म्हणून वापरले जाते. हा बदल कसा घडला, आणि तो घडताना 'यश' या शब्दाचा अर्थ कोणी व कसा बदलला, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हृदयाचे कार्य व यंत्राची रचना

निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरांहून अधिक रक्त पुढे ढकलते. दिवसाचे ठोके सुमारे १ लाख होतात आणि वर्षाचे साडेतीन कोटींच्या पुढे जातात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहता हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पंप होत. उजवा पंप शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवितो, तर डावा पंप फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महारोहिणीवाटे सर्व शरीरात ढकलतो. वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, रक्त गोळा करतात; ढकलण्याचे खरे काम खालच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे जवनिकांचे असते.

कृत्रिम हृदयाची मूळ योजना यावरूनच आखली गेली. शल्यविशारद रुग्णाच्या निकामी झालेल्या दोन्ही जवनिका कापून काढतो, कर्णिका मात्र बऱ्याच अंशी तशाच ठेवतो. कर्णिकांच्या कडांना कापडी गळपट्ट्या शिवल्या जातात आणि त्यांना प्लॅस्टिकचे दोन कप्पे जोडले जातात. दुसऱ्या बाजूने हे कप्पे कृत्रिम नळ्यांनी महारोहिणीला व फुप्फुसधमनीला जोडले जातात. प्रत्येक कप्प्यात पॉलियुरेथेनचा लवचीक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस रक्त, दुसऱ्या बाजूस हवा. शरीराबाहेरच्या यंत्रातून नळीवाटे दाबाची हवा आली की पडदा फुगतो व रक्त पुढे ढकलले जाते. हवा परत ओढली गेली की पडदा मागे सरतो व कर्णिकेतील रक्त आत येते. रक्ताने उलट फिरू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला दोन, अशा एकूण चार यांत्रिक झडपा असतात. आपल्याकडील विहिरीवरच्या हातपंपाचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. उजव्या पंपाने डाव्यापेक्षा थोडेसे जरी अधिक रक्त सतत ढकलले, तरी फुप्फुसांत रक्त साचू लागते आणि रुग्ण अल्पावधीत गुदमरू शकतो. नैसर्गिक हृदय हा तोल आपोआप सांभाळते, कारण जितके रक्त परत येईल तितके ते अधिक ताणले जाते व तितक्याच जोराने आकुंचन पावते. यंत्रात यासाठी एक साधी युक्ती योजिली गेली. कप्पा दर ठोक्याला पूर्ण भरू द्यायचा नाही, मात्र जे रक्त आत येईल ते सर्व बाहेर ढकलायचे. मग रुग्ण चालू लागला आणि परत येणारे रक्त वाढले, तर राखून ठेवलेली जागा भरते व यंत्राचा वेग न वाढविताही प्रवाह वाढतो. मज्जातंतूंशी कोणताही संबंध नसलेल्या या वस्तूला शरीराची गरज अशा रीतीने कळते.

तीन अडचणी मात्र या युक्तीने सुटण्यासारख्या नव्हत्या. परक्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्त गोठू लागते आणि ती गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. यंत्राच्या घर्षणाने व दाबाने रक्तपेशी फुटतात. आणि हवेची नळी त्वचेतून बाहेर येते त्या वाटेने जंतू आत शिरतात. पुढील इतिहासातील बहुतेक मृत्यू यांपैकी कशाशी ना कशाशी निगडित आहेत.

प्रारंभ : आशावादाचा काळ

कृत्रिम हृदयाच्या इतिहासाला विल्यम कोल्फ या डच वैद्यापासून आरंभ होतो. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन या गावी, सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या आवरणातून त्यांनी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. मूत्रपिंडाचे काम यंत्र करू शकते तर हृदयाचे का नाही, असा त्यांचा सरळ तर्क होता. १९५० मध्ये ते अमेरिकेत क्लीव्हलँड येथे गेले. तेथे डिसेंबर १९५७ मध्ये तेत्सुझो आकुत्सु या जपानी सहकाऱ्यासह त्यांनी एका कुत्र्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसविले. ते प्राणी सुमारे दीड तास जगले.

दरम्यान १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. हृदयाचे काम काही वेळ शरीराबाहेर करता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. हा 'काही वेळ' वाढवीत नेला की तो कायमचा होईल, ही त्या काळाची श्रद्धा होती. पॉल विंचेल या शब्दभ्रमकाराने, म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या कलावंताने, १९६३ मध्ये कृत्रिम हृदयाचे एकस्व मिळविले, यावरून या कल्पनेने लोकमानस किती व्यापले होते हे ध्यानात येते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने यासाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि १९७० पर्यंत माणसात कृत्रिम हृदय बसविण्याचे उद्दिष्ट मांडले. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या हृदयाचाही गंभीरपणे विचार झाला. छातीत किरणोत्सर्गी इंधन घेऊन माणसे रस्त्याने फिरतील, ही कल्पना आज विलक्षण वाटते. चंद्रावर माणूस उतरविण्याची तयारी चालू असलेल्या देशाला तेव्हा ती तशी वाटली नाही.

याच सुमारास प्रत्यारोपणाचा दुसरा मार्ग खुला झाला. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. मात्र त्या वेळी जगातील फारच थोड्या केंद्रांनी हे धाडस केले होते आणि परळ त्यांपैकी एक होते, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. या घटनेकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ह्यूस्टन, १९६९

४ एप्रिल १९६९ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे डेंटन कूली यांनी हॅस्केल कार्प या ४७ वर्षांच्या गृहस्थाच्या छातीत डोमिंगो लिओटा यांनी विकसित केलेले कृत्रिम हृदय बसविले. मानवी देहातील हे पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय होय. कार्प यांच्या पत्नीने दात्याच्या हृदयासाठी जाहीर आवाहन केले. ६४ तासांनंतर दात्याचे हृदय बसविण्यात आले, आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आत कार्प मरण पावले.

हे यंत्र मायकेल डीबेकी यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून आलेले असून आपल्याला न विचारता ते वापरले गेले, असा डीबेकी यांचा आक्षेप होता. वासरांवरील चाचण्या मोजक्याच झाल्या होत्या. कूली यांना बेलर वैद्यकीय महाविद्यालय सोडावे लागले आणि दोन थोर शल्यविशारदांतील अबोला २००७ पर्यंत टिकला. कार्प यांच्या पत्नीने दावा दाखल केला. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने कूली यांच्या बाजूने निर्णय दिला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर मरू देण्यापेक्षा दात्याचे हृदय मिळेपर्यंत यंत्राने जगविले, असे कूली यांचे समर्थन होते. म्हणजे 'सेतू' ही कल्पना प्रथम आली ती एका वादग्रस्त कृतीच्या समर्थनार्थ. ती मान्यताप्राप्त उपचारपद्धती होण्यास आणखी पस्तीस वर्षे जावी लागली.

बार्नी क्लार्क यांची किल्ली

कोल्फ १९६७ मध्ये युटा विद्यापीठात आले होते. तेथील संशोधकांपैकी ज्याने रचनेवर काम केले त्याचे नाव हृदयाला देण्याची त्यांची प्रथा होती. रॉबर्ट जार्विक या तरुणाच्या नावाने ओळखले जाणारे 'जार्विक-७' हे हृदय २ डिसेंबर १९८२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे विल्यम डीव्रीज यांनी बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या निवृत्त दंतवैद्याच्या छातीत बसविले. या वेळी सेतूची भाषा नव्हती. वय व प्रकृती यांमुळे क्लार्क प्रत्यारोपणास पात्र ठरत नव्हते. हे हृदय त्यांच्यासाठी कायमचेच होते.

हवा पुरविणारे यंत्र कपडे धुण्याच्या यंत्राएवढे, पावणेदोनशे किलोंच्या आसपास वजनाचे होते आणि रुग्ण त्याला सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन नळ्यांनी बांधलेला होता. क्लार्क यांनी ११ पृष्ठांचे संमतिपत्र वाचून त्यावर दोनदा सही केली होती. दुसरी सही पहिलीनंतर काही काळाने घेण्यात आली, ती विचार बदलण्यास अवसर मिळावा म्हणून. ह्यूस्टनच्या घटनेतून घेतलेला हा धडा होता. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच त्यांना आकडी आली; १४ डिसेंबरला एक झडप मोडल्यामुळे पुन्हा छाती उघडावी लागली; पुढे नाकातून रक्तस्राव, मानसिक गोंधळ, मूत्रपिंडांचा बिघाड. मधूनमधून ते मरण मागत. काही दिवस बरेही गेले. २३ मार्च १९८३ रोजी, ११२ व्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांचे यांत्रिक हृदय तोवर सुमारे १ कोटी २९ लाख वेळा धडधडले होते आणि ते निकामी झाले नव्हते. देहाचे बाकीचे अवयव हरले.

शस्त्रक्रियेनंतर क्लार्क यांच्या पत्नीने, ते आता आपल्यावर प्रेम करू शकतील का, असे डॉक्टरांना विचारल्याचे सांगितले जाते. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले, काहींनी थट्टाही. मराठी भाषकाने मात्र या प्रश्नाला हसू नये. आपल्या भाषेत 'काळीज' म्हणजे खाटकाच्या दुकानात यकृत, आणि 'काळजाचा ठोका चुकला' म्हणताना हृदय. भावनेचे घर नेमके कोणत्या अवयवात, हे आपणही कधी पक्के ठरविलेले नाही.

परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने त्या ११२ दिवसांतील सर्वांत महत्त्वाची वस्तू हृदय नव्हे, किल्ली आहे. हवेचे यंत्र बंद करण्याची किल्ली क्लार्क यांच्या स्वाधीन करण्यात आली होती. यातना असह्य झाल्या तर त्यांना ती फिरविता यावी, असे कोल्फ यांचे मत होते. जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञाने १९८३ मध्ये 'बार्नी क्लार्क यांची किल्ली' याच नावाचा लेख लिहून प्रश्न विचारला : ती किल्ली फिरविणे ही आत्महत्या ठरली असती, की उपचार नाकारणे? औषध घेण्याचे थांबविणारा रुग्ण व स्वतःचे हृदय बंद करणारा रुग्ण यांत फरक तो कोणता? क्लार्क यांनी ती किल्ली फिरविली नाही. रक्ताभिसरण कोलमडल्यानंतर यंत्र बंद केले ते डॉक्टरांनी. प्रस्तुत लेखकाच्या मते संमतिपत्राच्या ११ पृष्ठांपेक्षा या लहानशा वस्तूने रुग्णाच्या अधिकाराविषयी अधिक सांगितले, कारण संमती एकदा घेऊन संपत नाही, हे तिने प्रथमच धातूत घडवून दाखविले.

पुढील प्रयोगांसाठी डीव्रीज १९८४ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथील एका खाजगी रुग्णालयात गेले. तेथे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी हृदय बसविलेले विल्यम श्रोडर ६२० दिवस जगले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दूरध्वनीवरून अभिनंदन केले, तेव्हा त्यांनी आपल्या सरकारी भत्त्याचा धनादेश रखडल्याची तक्रार केली आणि तो तत्परतेने हाती आला! त्यानंतर मात्र एकामागून एक पक्षाघात झाले. ६२० हा आकडा विक्रम म्हणून नोंदला गेला. त्यातील किती दिवस श्रोडर यांना 'जगणे' वाटले असतील, हे आकड्यावरून कळत नाही. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जार्विक-७ च्या वापराची अनुमती काढून घेतली.

सेतूची संकल्पना

कायमच्या हृदयाची आशा अशी मावळत असतानाच दुसरी वाट रुळत होती. ऑगस्ट १९८५ मध्ये ॲरिझोनातील टूसान येथे जॅक कोपलंड यांनी २५ वर्षांच्या एका तरुणाला तेच जार्विक-७ बसविले, ते दात्याचे हृदय मिळेपर्यंतच, आणि पुढे प्रत्यारोपण यशस्वी झाले. यंत्र तेच, अडचणीही त्याच. मात्र मुदत महिन्या-वर्षांऐवजी दिवसा-आठवड्यांची ठरताच त्या अडचणी सुसह्य झाल्या. काही सुधारणा होऊन व कंपनी बदलून हेच हृदय ऑक्टोबर २००४ मध्ये सेतू म्हणून अधिकृतपणे मान्य झाले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र बसविलेल्या ८१ रुग्णांपैकी ७९ टक्के प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले. तुलनेसाठी घेतलेल्या, यंत्र नसलेल्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. पुढे हवेचे यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावू लागले. मिशिगनमधील एक तरुण २०१६ मध्ये प्रत्यारोपण होईपर्यंत ५५५ दिवस असे यंत्र पाठीवर घेऊन वावरला.

या आकड्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांमागे वाचलेली माणसे आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. सेतू दात्यांच्या हृदयांत एकाचीही भर घालत नाही. रांगेत मरण पावला असता असा रुग्ण सेतूमुळे रांगेत टिकतो आणि उपलब्ध हृदय त्याला मिळाले तर ते दुसऱ्या कोणाला तरी मिळत नाही. एका रुग्णापुरते जे यश आहे, ते समाजाच्या पातळीवर बव्हंशी वाटपाचा क्रम बदलणे ठरते. कायमच्या हृदयाचे मूळ स्वप्न नेमके ही टंचाई संपविण्याचे होते.

दुसरे असे, की हे सेतू कोणाच्या मापाने बांधले गेले? प्रारंभीची ही हृदये मोठ्या छातीच्या पुरुषातच मावत. स्त्रियांना व लहान चणीच्या रुग्णांना योग्य अशा छोट्या आकारास अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. जार्विक-७ नंतर अडतीस वर्षांनी!

सेतूला पैलतीर लागतो, आणि तो शस्त्रक्रियेने निर्माण होत नाही. आपल्याकडील अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९६८ मध्ये परळला शल्यकौशल्य होते. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला व फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत प्रथम लागू झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्ली येथे डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ ची वाट पाहावी लागली. त्या वेळी पुण्यातील दात्याचे हृदय मुंबईत आणण्यात आले. के. ई. एम. मधील प्रयत्नापासून यास ४७ वर्षे लागली, आणि या काळात उणीव हातांची नव्हती, तर कायद्याची, रुग्णालयांतील समन्वयाची आणि शोकाकुल कुटुंबाला नेमक्या त्या घडीला अवयवदानाविषयी विचारू शकणाऱ्या व्यवस्थेची होती.

नाडीविना जीवन

संपूर्ण हृदय बदलण्याऐवजी रुग्णाचे हृदय जागेवर ठेवून डाव्या जवनिकेला मदत करणारा पंप जोडावा, ही कल्पना या दरम्यान पुढे गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२९ रुग्णांच्या अभ्यासात असा पंप बसविलेल्यांपैकी ५२ टक्के एक वर्ष जगले. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के. कायमचे यांत्रिक साहाय्य ही कल्पना अशी मागील दाराने परत आली. त्याच वर्षी २ जुलै रोजी लुईव्हिल येथे 'ॲबिओकोर' हे त्वचेतून एकही नळी बाहेर न काढणारे, वीज त्वचेपलीकडून चुंबकीय प्रेरणाने घेणारे संपूर्ण हृदय रॉबर्ट टूल्स यांना बसविण्यात आले. ते १५१ दिवस जगले. एकूण १४ रुग्णांच्या चाचणीत कोणीही दोन वर्षांपर्यंत पोहोचले नाही.

साहाय्यक पंपांच्या पुढच्या पिढीने धडधडणेच सोडून दिले. २००८ मध्ये मान्य झालेल्या पंपात मिनिटाला हजारो फेरे घेणारे एक लहान चक्र रक्त सतत पुढे ढकलते. घासणारे व दुमडणारे भाग कमी, म्हणून तो अधिक टिकतो. अशा रुग्णाच्या मनगटाला नाडी बहुधा लागतच नाही. ज्या समाजात वैद्य प्रथम नाडीवर बोटे ठेवतो, तेथे चालता-बोलता माणूस नाडीविना असणे ही वैद्यकीय घटना असण्याआधी सांस्कृतिक धक्का आहे. हृदयाची नक्कल करण्याचा हट्ट सोडल्यावर यंत्र सुधारले, हे उघड आहे. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडविणे सोडले तेव्हाच विमान उडाले, त्यातलाच हा प्रकार.

पॅरिस येथे १८ डिसेंबर २०१३ रोजी मात्र उलट दिशेने प्रयत्न झाला. आलें कार्पांत्ये यांच्या कल्पनेतून आलेल्या हृदयात रक्ताला स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागांसाठी गोवंशाच्या हृदयावरणाची त्वचा वापरली होती व संवेदकांमुळे ते ठोक्यांची गती स्वतः बदलू शके. ७६ वर्षांचा पहिला रुग्ण ७४ दिवस जगला. २०२० मध्ये युरोपात या हृदयास मान्यता मिळाली, तीही सेतू म्हणून.

ऑस्ट्रेलियाचे अभियंता डॅनियल टिम्स यांचे 'बायव्हॅकोर' हे हृदय या दोन्ही परंपरांहून निराळे आहे. त्यांचे वडील नळजोडणीचे काम करीत आणि हृदयविकाराने आजारी होते. आरंभीचे नमुने बाप-लेकांनी घरी, दुकानात मिळणाऱ्या नळ्या व जोड वापरून तयार केले. या हृदयात पडदे नाहीत, झडपाही नाहीत. चुंबकीय बलाने अधांतरी तोललेले एकच चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. एक बाजू फुप्फुसांकडे रक्त पाठविते, दुसरी शरीराकडे. कशालाच न टेकल्यामुळे झीज जवळपास नाही. दोन्ही बाजूंचा तोल राखण्यासाठी चक्र किंचित इकडे-तिकडे सरकते. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे, म्हणजे कार्प यांच्याच शहरात, ते प्रथम माणसाला बसविण्यात आले आणि आठ दिवसांनी त्या रुग्णाला दात्याचे हृदय मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे ते बसविलेला रुग्ण फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्णालयातून घरी गेला, शंभराहून अधिक दिवस या यंत्रावर राहिला आणि मार्चमध्ये त्यालाही दात्याचे हृदय मिळाले. वर्षानुवर्षे न झिजता चालावे म्हणून घडविलेले ते चक्र तेव्हा काढून घेण्यात आले.